पाटीमागचं इंजिन

आमच्या घराण्यात वडीलधाऱ्यांचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. ही गोष्ट लग्नात, तेराव्याला, एवढंच काय पण शेताच्या मोजणीच्या वेळीसुद्धा अभिमानाने सांगितली जाते, आणि ती खरी आहे. शब्द वरच राहिला. त्याच्याखाली कोण कोण आलं, हे सांगायची पद्धत आमच्यात नाही.

मी त्याखाली आले ती नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात. बारावीला मला बरे मार्क होते, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेऱ्यांत नंबर लागला नव्हता. शेवटची फेरी पुण्याला होती. तिचा नियम साधा होता. उरलेल्या जागांसाठी उमेदवाराने स्वतः हजर राहायचं, नाव पुकारलं की पुढे जायचं. माणूस नसला की पुढचं नाव. मेकॅनिकलच्या थोड्या जागा शिल्लक होत्या आणि माझं नाव इतकं वर होतं की त्या हॉलमध्ये नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. इतकी सोपी परीक्षा मला आयुष्यात पुन्हा आली नाही.

बाबा सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांच्या खात्यात गाड्यांचे रेडिएटर, म्हणजे जाळीमागे बसून इंजिनचं पाणी थंड करणारे भाग, तयार होत. त्यांनी बेत आखला होता: आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघायचं, मुक्काम पुण्यात मावशीकडे, सकाळी आरामात कॉलेज. आईने मावशीला फोनही केला होता. आणि मग मोठे काका आले.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पिंपळगावला द्राक्षं, नाशिकला बंगला आणि त्याच वर्षी एका पतसंस्थेचं चेअरमनपद. बाबांना कारखान्यात त्यांनीच चिकटवलं होतं. ही गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. आम्ही ती विसरणार नाही याची काळजी त्यांच्या नुसत्या येण्याने घेतली जायची.

"एसटीने?" काका सोफ्यावर बसत म्हणाले. "अरे, दारात गाडी असताना चेअरमनची पुतणी एसटीने जाणार? लोक काय म्हणतील?"

"तसं नाही दादा," बाबा म्हणाले. "वेळेवर पोचलेलं बरं."

"मग गाडी काय चालत येते का? पहाटे निघू, दहाला पुण्यात. मी स्वतः घेऊन जातो. गाडी कॉलेजच्या दारात लागली पाहिजे. पाटी बघितली की शिपाईसुद्धा उभा राहतो."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, पण बहिणीला कळवलंय, ती वाट बघेल."

"तिला सांगा, आता डायरेक्ट पेढे घेऊन येऊ."

बाबा हसले. हो म्हणण्याआधी ते नेहमी असेच हसायचे.

काकांनी उल्लेख केला ती पाटी सांगायला हवी. गाडी पांढरी होती, मुंबईहून सेकंडहँड आणलेली, आणि गाडी म्हणून काहीच वाईट नव्हती. चेअरमन झाल्यावर काकांनी तिला पुढून एक लोखंडी पाटी लावून घेतली. लाल रंग, पिवळी अक्षरं. पतसंस्थेचं नाव चष्मा लावून वाचावं लागे आणि 'चेअरमन' हा शब्द रस्त्याच्या पलीकडून वाचता येई. त्या काळात नाशिकमध्ये अशा पाट्यांचं पीक आलं होतं. ज्याला कुठलंच पद नव्हतं तो 'माजी' लिहून घ्यायचा. पण आमच्या काकांची पाटी त्यांतही रुंद निघाली. बंपरपासून वर बॉनेटपर्यंत, पुढची जाळी जवळजवळ सगळी झाकून टाकणारी.

पहाटे निघायचं होतं. पण काकूंनी गाडीची पूजा काढली. पुतणी एवढ्या मोठ्या कामाला निघालेली, गाडी तशीच कशी न्यायची? हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. झेंडूचा हार आणला होता तो दरवाज्याइतका लांब. तो पाटीवर आडवा दुहेरी घातला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सुतळीने घट्ट बांधला. जाळीचा जेवढा भाग उघडा राहिला होता तोही गेला. काका लांब उभे राहून बघत होते. "आता दिसते गाडी," ते म्हणाले. तोवर चांगलं उजाडलं होतं.

पाऊस उघडला होता, ऊन स्वच्छ. काका गाडी चालवत, बाबा शेजारी, मी मागे, मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल. नाशिक रोड सुटेपर्यंत काकांनी मला इंजिनिअर झाल्यावर काय काय करायचं ते सांगितलं. सिन्नरचा घाट चढताना ते बोलायचे थांबले.

"दादा, टेंपरेचरचा काटा वर गेलाय," बाबा हळूच म्हणाले.

"काटा काय, तो नेहमीच जरा जास्त दाखवतो."

घाट चढून वर आल्यावर मात्र बॉनेटमधून करपल्यासारखा वास यायला लागला. चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. काका चहा सांगायला गेले. बाबा गाडीच्या पुढे गेले आणि वाकले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी हार थोडा बाजूला केला, पाटी आणि जाळी यांच्यातल्या फटीत तळहात धरला, जसा आई तव्यावर धरते तसा. क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी हार होता तसा नीट केला आणि हात पँटला पुसला.

मी खाली उतरले. "बाबा, पाटीमुळे इंजिनला हवा लागत नाहीये ना?"

"गप बस."

काका चहाचे ग्लास घेऊन आले तेव्हा मी तेच त्यांना विचारलं. "काका, पाटी पुण्यापर्यंत डिकीत ठेवू या का? कॉलेजजवळ गेल्यावर परत लावू."

काका माझ्याकडे अशा कौतुकाने बघत राहिले की मला कळलं, काही उपयोग नाही. "बघ रे," ते बाबांना म्हणाले, "ॲडमिशन अजून व्हायचीय आणि बाई इंजिनिअर झाल्या! पोरी, पूजा केलेली पाटी अशी वाटेत उतरवतात का? अपशकुन असतो तो. पाणी टाकू थोडं, निवेल."

"तिला काय कळतंय," बाबा म्हणाले.

पाणी टाकलं, निवलं, निघालो. संगमनेरपर्यंत रस्ता सपाट, त्यामुळे काकांची गाडीबद्दलची श्रद्धा परत आली. संगमनेरला त्यांनी ओळखीच्या एका चेअरमनच्या दारात हॉर्न वाजवला. ते घरी नव्हते. तरी त्यांच्या गड्याला पाटी वाचता येईल इतका वेळ आम्ही थांबलो.

मग चंदनापुरीचा घाट लागला.

अर्ध्या चढणीवर आधी शिट्टी वाजली, मग बॉनेटच्या चारी बाजूंनी वाफ आली आणि एक मोठा झटका देऊन इंजिन बंद पडलं. काकांनी किल्ली फिरवून पाहिली. आतून काहीतरी खोकलं आणि गप्प झालं. त्यांनी बॉनेट उघडलं, हातावर टॉवेल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"दादा, आत्ता नको!" बाबांनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी बाबांनी काकांना अडवलं ते एवढंच एकदा. पाण्याचा फवारा उडाला असता तर काकांचं तोंड भाजलं असतं. माझं नुकसान होणार होतं ते तसं दिसणारं नव्हतं.

आम्ही कठड्यावर बसलो. हारातली फुलं वाफेने शिजून काळी पडली होती आणि पालक उकडल्यासारखा वास येत होता. दोन एसट्या वर गेल्या. मी हात केला, पण घाटात कोण थांबवतो? मग एक टोमॅटोचा टेम्पो आमच्यापुढे जाऊन थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, शेठ? पाणी नाय का?"

"तापलीय जरा," काका म्हणाले. "होईल चालू."

"माझ्याकडं कॅन हाय, घ्या. पन लगेच नका वतू, फुटंल काहीतरी. तास-दीड तास बसावं लागंल." मग त्याने माझ्या मांडीवरची फाइल बघितली. "ताईची परीक्षा हाय का काय?"

"ॲडमिशन आहे," मी म्हणाले. "पुण्याला. आजच."

"मग बसा की पुढं. मी पुन्यालाच चाललोय, मार्केट यार्डात. ताई आन् वडील, दोघं मावतील आरामात. बाराच्या आत सोडतो."

मी उठले होते. एक पाय रस्त्यावर आला होता, इतकं मला नक्की आठवतं. बाबाही उठले. आणि मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका टेम्पोकडे बघत होते. मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे काचेवर लिंबू-मिरची. "अरे, असं कसं," ते म्हणाले. "ओळख ना पाळख. वयात आलेली पोर, टेम्पोत बसवून न्यायची? आणि कॉलेजच्या दारात टोमॅटोच्या गाडीतून उतरणार? आपल्या घरात असं कधी झालंय?"

"बाबा तर बरोबर आहेत," मी म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस. मी बाबांशी बोलतोय."

"दादा, वेळ..." बाबांनी सुरुवात केली.

"मला एकट्याला सोडून जाणार का घाटात? जा. जायचं तर जा."

हे 'जा' आमच्या घरात फार जुनं आहे. ते ऐकून आजवर कोणी गेलेलं नाही. बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "राहू द्या भाऊ. होईलच चालू आता."

ड्रायव्हरने खांदे उडवले. "मर्जी तुमची." कॅन मात्र त्याने ठेवून दिला. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा काका म्हणाले, "माणूस चांगला होता हं."

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. इंजिन निवलं, त्या कॅनचं पाणी ओतलं, गाडी सुरू झाली. घाट संपेपर्यंत ती पुन्हा थांबली, आणि आळेफाट्याच्या अलीकडे अजून एकदा. प्रत्येक वेळी काकांनी पाण्याचा, पेट्रोलचा, रस्त्याचा किंवा सरकारचा दोष काढला. पाटीला कोणी हात लावला नाही. पुण्यात शिरलो तेव्हा लोक जेवून ऑफिसात परतत होते.

कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या होत्या. टेबलामागच्या बाईंनी माझं बोलावण्याचं पत्र बघितलं. "अगं, तुझं नाव तीनदा पुकारलं. बारा वाजून गेल्यावर. कुठे होतीस?"

मी काही बोलायच्या आत काकांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड टेबलावर ठेवलं. "मॅडम, मी नाशिकहून. चेअरमन."

बाईंनी कार्ड वाचलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकल भरलं. आता काहीच नाही उरलेलं." आणि टेबल डागाळू नये म्हणून चहाचा कप कार्डावर ठेवला. त्यात त्यांचा काही वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. टेबल सरकारी होतं, त्या जपत होत्या.

मी नाशिकला बीएस्सी केलं, मग बीएड, मग अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. उष्णता कशी वाहते तो धडा दरवर्षी यायचा. मुलं झोपायची. बाबा निवृत्त झाल्यावर, दोन हजार सालानंतर कधीतरी, भाजी निवडताना मी त्यांना विचारलं, "सिन्नरला तुम्ही हात लावून बघितला होतात. तुम्हाला माहीत होतं ना?" त्यांनी मेथीची एक जुडी पूर्ण निवडली. मग म्हणाले, "आमच्या खात्यात आम्ही तीच टेस्ट घ्यायचो." मी पुढचं विचारलं नाही. पुढे जे होतं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

त्या दिवशी पुण्यात मावशीकडे गेलो नाही. तिने पेढ्यांची वाट बघितली असेल. लगेच परत फिरलो. मी मागच्या सीटवर फाइल पायाशी टाकून बसले होते. बाबा पुढे बघत होते. संगमनेरला काकांनी या वेळी हॉर्न वाजवला नाही; त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. नंतर मात्र ते हळूहळू मोकळे झाले. काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. एकदा तरी तापली का? गाडीत काही दोष नाही. सकाळी नशिबातच नव्हतं तुझ्या."

"खरंय दादा," बाबा म्हणाले.

पुण्याहून नाशिकला येताना दोन्ही घाट उताराचे लागतात.