यादीत नसलेला आटा

वसई पूर्वेला माझ्या लेथच्या गाळ्याशेजारी कॉम्प्युटरवर सुट्या भागांचे आराखडे काढणारा एक ड्राफ्ट्समन बसायचा. काहीही विचारा, आधी ‘बघू’ म्हणायचा.

एकदा केळीचा एक बागायतदार जुन्या पंपाचा बोल्ट घेऊन आला. त्याचा नट कुठेच मिळत नव्हता. ‘पानी नाय मिलालं तर केली जातील,’ तो म्हणाला.

कॉम्प्युटरच्या यादीतला एकही आटा बोल्टच्या दातांशी जुळेना. ‘बघू,’ म्हणत ड्राफ्ट्समननं बोल्टवर कागद दाबून पेन्सिल घासली, उमटलेले दात मोजले आणि स्क्रीनवर नवाच आटा काढला. त्याबरहुकूम मी केलेला नट अडकला. बागायतदार माझ्याकडे रागानं बघू लागला.

‘चूक यांची नाही, माझी. दाताचा कोन मी अंदाजानं घातला,’ ड्राफ्ट्समन म्हणाला.

त्यानं कोन नीट मोजून दिल्यावर मी केलेला दुसरा नट बोटानं फिरला. संध्याकाळी बागायतदारानं ड्राफ्ट्समनला केळ्यांची फणी आणून दिली. ती माझ्या लेथवर ठेवून तो गुपचूप घरी गेला.