तळाची सहा भोकं

आमच्या देवळाली प्रवऱ्यात ऊस येतो, उसाच्या ट्रॉल्या येतात, पण शिडाची होडी काही कधी आली नव्हती. ती ट्रेलरवर बसून आली आणि आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. मी तेव्हा एका ट्रॉलीखाली उताणा पडून एक्सलचे बोल्ट आवळत होतो. बाहेर येऊन बघतो तर निम्मी गल्ली जमा. शेजारचा पंक्चरवाला होडीच्या बुडावर हात फिरवत म्हणाला, "ही काय, कारखान्यावर न्यायची का?"

होडीचा मालक सुप्याच्या एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर होता. सुट्टीच्या दिवशी मुळा धरणावर जाऊन शिडाची होडी चालवायचा. मला पहिल्यांदा रागच आला. माझी बहीण पाथर्डीकडे दिलेली आहे. उन्हाळ्यात तिच्याकडे टँकर येतो तो दिवस सणाचा, आणि इथे एक माणूस पाण्यावर वारा खायला दीडशे किलोमीटरचा फेरा मारतो. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी खुर्ची पुसून पुढे केली.

त्याचं काम साधं होतं. होडी आणि ट्रेलर दोन्ही त्याने जुनी घेतली होती. शीड, दोर, लाकडी सुकाणू, अंगात घालायची तरंगणारी जॅकेटं, हे सगळं सामान गाडीच्या डिकीत कोंबावं लागे. त्याला ट्रेलरवर, होडीच्या नाकाच्या पुढे जी जागा उरते तिथे, एक कायमची पेटी हवी होती. तयार प्लास्टिकच्या पेट्या त्याने बघितल्या होत्या, त्या एक तर होडीला आडव्या येत होत्या नाही तर शीड दुमडून घालावं लागत होतं. धरणावर कुणीतरी त्याला आमचं नाव सांगितलं.

सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं. उसाच्या ट्रॉलीला पुढच्या अंगाला जॅक-पाने ठेवायची पेटी असते, ती आमच्याइतकी चांगली या भागात कुणी करत नव्हतं. कारखान्याच्या रस्त्यावरची धूळ पिठासारखी असते, कुठूनही शिरते. आमच्या पेटीत शिरत नसे. झाकणाला दुहेरी कड, आत रबर, कोपरे सलग वेल्डिंगने बंद. "ह्यांच्या पेटीत मुंगी जायाची न्हाई," असं ट्रॅक्टरवाले म्हणत. ही ख्याती माझी नाही, अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील.

त्या वर्षी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणत, सीझन होऊ दे. सीझन झाला की म्हणत, उन्हाळ्यात डोळे कापत नसतात. तोवर चुका सुरू झाल्या होत्या. बिजागरीची भोकं वाकडी पडायची, वेल्डिंगचा टाका जोडाच्या शेजारीच बसायचा. पाच वाजता ते चहाला घरी गेले की मी त्यांचं दिवसभराचं काम तपासायचो आणि चुकलेलं गुपचूप नीट करायचो. बायको म्हणाली, त्यांना सांगा ना सरळ. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं?

हे मी तेव्हा म्हणालो. आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. मला ते आवडायला लागलं होतं. या माणसाने वीस वर्षं माझे टाके छिन्नीने फोडून परत मारायला लावले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ह्याला जोड कळत न्हाई, नुसता धूर कळतो." आणि आता त्यांचे टाके मी घासून सपाट करत होतो आणि त्यांना पत्ताही नव्हता. ग्राइंडर हातात घेतला की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटे. वर पुन्हा चांगला मुलगा असल्याचं समाधान फुकट.

होडी यायच्या महिनाभर आधी एका बंगल्याचं गेट त्यांच्या हातून दोन इंच आखूड झालं. मालकाने येऊन तमाशा केला. त्या दिवशी मी अण्णांना म्हणालो, "आता तुमी नुसतं बसा, लक्ष ठिवा. काम आमी करतो." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून होडीवाले साहेब माप सांगत होते तेव्हा अण्णा बाकावरून उठून मध्ये आले, तसा मी मनात म्हणालो, झालं.

"ही पेटी मी करनार," ते मला म्हणाले. "तू हात लावायचा न्हाई. ही बिघडली तर तू म्हनतो तसं घरी बसतो. मग कुनी बोलवू नका."

साहेबांना मजा वाटली. मला नाही वाटली. पण नाही कसं म्हणणार?

त्यानंतर चार-पाच दिवस अण्णा वेगळेच झाले. रोज सकाळी माझ्याआधी दुकानात. होडीसकट ट्रेलर साहेबांनी आमच्याकडेच ठेवला होता. अण्णांनी आधी त्याची पुढची दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली, मग होडीच्या नाकापुढे सिमेंटची एक गोणी ठेवली, परत उचलून बघितली, गोणी वीतभर मागे सरकवली, परत उचलली. दांडी फार हलकी राहिली तर ट्रेलर रस्त्यावर मागे नाचतो, फार जड झाली तर ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं. हे मलाही माहीत होतं, पण मी अंदाजाने ठोकून दिलं असतं. ट्रॉलीच्या पेटीचा जाड पत्रा त्यांनी बाजूला ठेवला आणि पातळ पत्रा मागवला. कडेला अँगल देऊन मजबुती आणली. दिसत नव्हतं म्हणून बोटांनी मोजत होते. शीड न दुमडता, गुंडाळी करून सरळ मावेल इतकी लांबी धरली.

साहेब एकदा काम बघायला आले तेव्हा अण्णांनी त्यांना विचारलं होतं, "सायेब, पान्यातनं आल्यावर हे सामान वाळवून ठिवनार का तसंच टाकनार?"

साहेब हसले. "तसंच टाकणार. अंधार पडायच्या आत घर गाठायचं असतं हो."

मी तेव्हा फोनवर कुणाशी तरी ट्रॉलीच्या टायरवरून भांडत होतो. हे बोलणं माझ्या कानावर पडलं. कानावरच पडलं.

रंग द्यायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा चहाला गेले आणि मी पेटी उलटी केली. तू हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलेलं असताना केली. वेल्डिंग बघून चकित झालो. वर्षभरात त्यांच्या हातचं इतकं चांगलं काम झालं नव्हतं. कुठे फट नाही, कुठे गाठ नाही. पेटी ट्रेलरच्या लोखंडी चॅनलला बसवायची चार भोकं बरोबर जागच्या जागी. आणि मग तळाच्या मागच्या कडेला मला आणखी सहा भोकं दिसली. एका बाजूलाच, ओळीने. दुसऱ्या बाजूला एकही नाही.

मला वाटलं, बिचाऱ्यांनी बोल्टची भोकं आधी चुकीच्या जागी पाडली, मग लक्षात आल्यावर दुसरीकडे पाडली, आणि ही तशीच राहिली. इतकी सुंदर पेटी आणि बुडाला चाळण. ज्या दुकानाच्या पेटीत मुंगी जात नाही, त्या दुकानातून सहा भोकांची पेटी बाहेर जाणार? साहेब पुढच्याच आठवड्यात धूळ घेऊन परत येतील, आणि म्हातारा घरी बसेल.

मी सहाही भोकं वेल्डिंगने बुजवली. आतून-बाहेरून घासली, प्रायमर मारला. वीस मिनिटांचं काम. तळाला मागच्या बाजूला हलकासा उतार दिलेला होता, तोही मला दिसला. तोसुद्धा मी डोळ्यांच्याच खात्यावर टाकला. वीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला उतार आणि भोकं एकाच कडेला दिसतात आणि तरी पाणी आठवत नाही, याला काय म्हणावं? आम्ही कोरडी माणसं. पेटीत काही शिरू नये एवढंच आम्हाला शिकवलेलं. आत शिरलेलं बाहेर पण काढावं लागतं, हे माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल. अण्णांच्या आलं होतं, आणि ते मी वेल्डिंग करून बंद केलं.

पेटी निळ्या रंगात झकास दिसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ती चॅनलवर बसवली. साहेब खूश झाले. अण्णांनी झाकण तीनदा उघडून-लावून दाखवलं. त्या रात्री ते दोन भाकऱ्या जास्त जेवले असं आईने सांगितलं.

दीड-दोन महिन्यांनी साहेब परत आले. गाडीतून उतरून रामराम नाही की काही नाही, सरळ जाऊन पेटीचं झाकण उघडलं. वास आला. तळाला दोन बोटं पाणी साचलेलं, त्यात दोर कुजत पडलेला. साहेबांनी शीड ओढून काढलं. पांढऱ्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके, हातभर लांबीत तर सगळंच काळं. ते शीड त्यांनी कुठून कुठून शोधून आणलं होतं, ते सांगताना त्यांचा आवाज चिरकला. मोठ्या माणसाचा खेळ का असेना, त्याचा जीव होता त्यात. पाऊस आणि कामं यांतून तीन आठवडे त्यांना सवड मिळाली नव्हती आणि पेटी तशीच बंद राहिली होती.

"अहो, पाणी जायला एक भोक ठेवता आलं नाही तुम्हाला?" साहेब म्हणाले.

त्या क्षणी मला सगळं कळलं. उतार, सहा भोकं, वाळवून ठिवनार का तसंच टाकनार, सगळं एकदम. अण्णा पाच हातांवर बाकावर बसले होते. एका वाक्याचं काम होतं. भोकं वडिलांनी ठेवली होती, ती मी बुजवली. एवढंच बोलायचं होतं.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "साहेब, वडिलांचं वय झालंय. डोळ्याला दिसत नाही. राहिलं असेल त्यांच्याकडून."

आवाज खाली आणला तो कशाला, कुणास ठाऊक. मोतीबिंदू डोळ्यांत होता, कानांत नव्हता.

अण्णा उठले. पेटीपाशी आले, बाही वर सारली आणि त्या घाण पाण्यात हात घालून मागची कड चाचपू लागले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं एका जागी थांबली, जरा पुढे सरकली, परत थांबली. सहा वेळा. कितीही घासलं तरी बुजवलेल्या भोकाचा फुगवटा बोटाला लागतोच, निदान त्यांच्या बोटाला. त्यांनी हात बाहेर काढला. माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "माझ्याकडनंच ऱ्हायलं."

मग त्यांनी ड्रिल मागितलं. मीच नेऊन दिलं. ट्रेलरखाली गुडघ्यावर बसून, डोक्यावरून पाणी ओघळत असताना त्यांनी खालून सहा भोकं पाडली, जिथे होती बरोबर तिथेच, हाताने चाचपून. साहेबांचा राग तोवर निवळला होता. त्यांनी अण्णांना हात देऊन उभं केलं आणि म्हणाले, "बाबा, आता आराम करा. खूप केलंत." जाताना मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "तुमचं कौतुक वाटतं. या वयातही वडिलांना सांभाळून घेता. हल्ली कोण करतं?"

मी म्हणालो, "कर्तव्यच आहे, साहेब."

तेही बोललो. जीभ हासडली नाही माझी कुणी.

अण्णांनी हौदावर हात धुतले, टोपी झटकून घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, त्यांनीच शब्द दिला होता, पेटी बिघडली तर घरी बसतो म्हणून. आई एवढंच म्हणाली, "असं व्हय." त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

पुढे त्यांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन निमूटपणे करून घेतलं. आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आईला सुईत दोरा ओवून देतात, पेपरातल्या बारीक जाहिराती वाचतात. माझं मात्र रोज ठरतं, आज बोलायचं. मग दिवस मावळतो. कधी म्हणतो, त्यांना माहीत आहेच की, सांगायचं काय उरलंय? हा भित्र्यांचा आवडता हिशोब आहे आणि तो मला उत्तम जमतो.

गेल्या महिन्यात एका दुधाच्या टेम्पोला खालून टाकी बसवायची होती आणि तोल काही जमेना. मी कागदावर आकृती काढून घरी नेली. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी कागद बघितला, पेन्सिलीने टाकी चार बोटं मागे सरकवली, दोन आधार वाढवले. पाच मिनिटं नाही लागली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला धीर आला. म्हणालो, "अण्णा, आता तुमाला सगळं दिसतंय. चला ना दुकानात. नुसतं येऊन बसा."

त्यांनी कागद नीट चार घड्या करून माझ्या हातात दिला.

"नको," ते म्हणाले. "मी आलो की तुला खोटं बोलाय लागतं."