पंजाबरावांचा दोष

खामगावच्या एका तेलगिरणीत पंजाबराव बावीस वर्षं फिटर होते. यंत्राच्या आवाजावरून त्यांना दुखणं कळायचं. एकोणीसशे पासष्टच्या दिवाळीनंतर मोठ्या तेलघाणीचं विलायती बेअरिंग फुटलं, आणि ते मात्र त्यांना आधी कळलं नाही.

गिरणी थांबली. उत्तमराव हमाल सगळ्यांदेखत म्हणाला, "ग्रीस द्याले विसरला असशील."

 पंजाबरावांनी दोन दिवस घाणी खोलखोलून स्वतःचीच चूक शोधली. सापडली नाही, तरी मन मानेना. लेथवाल्याकडून बेअरिंगच्या जागी चालेल असं पितळी कडं, म्हणजे बुश, कातून घेऊन बसवला. तासाभरात तो इतका तापायचा की घाणी बंद करून पाणी मारत बसावं लागे. दुपारपर्यंत खांदे भरून येत.

नवं बेअरिंग ज्याच्याकडे मागवलं होतं, त्या मुंबईच्या व्यापाऱ्याचं जानेवारीत पत्र आलं. कारकून सुधाकरने वाचलं. "बेअरिंग मिळणार नाही. आयातीचा परवाना नाही. देशाकडे परदेशी चलन नाही."

"शेठ पैसे द्याले तयार हायेत ना? मंग काऊन नाही?"

"आपला रुपया तिकडं चालत नाही, पंजाबराव. तिकडचं चलन हवं. जे होतं ते धान्य आणायला चाललंय. पाऊस गेला, लढाई झाली, बाहेरची मदत थांबली. कारखाने काढले, तेही परदेशी मालावरच. बाहेर विकायला आपल्याकडं थोडंच आहे."

"म्हंजे पाऊस वावरात नाही आला, अन् घाणी इथं थांबली."

"तेवढंच नाही. पण तेही आहेच."

फेब्रुवारीत बुश चिरला. शेठने अठरा माणसांना घरी बसवलं. उत्तमराव मेहकरकडे सासऱ्याच्या गावी गेला. पंजाबराव रोज येऊन गंज पुसत. जूनमध्ये सरकारने रुपयाची किंमत उतरवली, आणि आयातीचे परवाने मिळू लागले. पोळ्यानंतर बेअरिंग आलं, पण उतरलेल्या रुपयामुळे पूर्वीच्या दीडपटीहून महाग पडलं. ते त्यांनी एका दिवसात बसवलं. घाणी छान चालली, पण शेंगदाणाच नव्हता. मिळे तो इतका महाग, की तेल घ्यायला गिऱ्हाईक पाव शेराची बाटली आणी. गिरणी आठवड्यातून दोन दिवस चालू झाली.

सात माणसं परत घ्यायची ठरली, त्यांत उत्तमराव होता, म्हणून पंजाबराव बसने त्याच्याकडे गेले. तो ओट्यावर बसून दोर वळत होता.

"गिरणी सुरू झाली, तुले बोलावलं हाये. अन् चुकी माही नव्हती," पंजाबराव म्हणाले.

"मंग कोनाची?"

पंजाबरावांनी परवाना, चलन, लढाई असं काहीबाही सांगायला घेतलं. मध्येच अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

उत्तमरावाने दोर बाजूला ठेवला, आतून पाणी आणलं. "पी. मले काई समजलं नाही. पन तू खोटं बोलत नाही, हे समजलं. कामावर कवा यायचं?"

"सोमवारी. दोनच दिवस काम हाये."

"येतो," उत्तमराव म्हणाला, आणि पुन्हा दोर वळू लागला.