माझं लाटणं आणि वीस गेजचा पत्रा

माझ्या वडिलांनी माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात तोफ बनवली, ती दोघांचं पटत नव्हतं म्हणून नाही. भांडण व्हायला आधी बोलणं व्हावं लागतं, आणि तेच होत नव्हतं.

वडील सावनेरकडच्या कोळसा खाणीत कॉम्प्रेसर चालवायचे. खाली दगडात भोकं पाडणाऱ्या यंत्रांना वर बसून हवा पुरवायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. त्या आवाजानं कान अर्धे गेले होते. सत्तरच्या दशकात ते निवृत्त झाले. आई आधीच गेलेली, मी एकटीच लेक. मी त्यांना शहरात, महाल भागातल्या आमच्या घरी घेऊन आले. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशा वळणात वाढलेला माणूस तो. जेवून उठले की ताट स्वतः घासून ठेवायचे. शेजारणींचा समज झाला की मी म्हाताऱ्या बापाला कामाला लावलंय.

नवरा लोखंडी आलमाऱ्या बनवायचा. कारखाना म्हणजे गावाबाहेर, उमरेड रस्त्याला टिनाचं एक छप्पर, चार कामगार आणि रंग फवारायचा कॉम्प्रेसर. त्याच्या बोलण्यात देवाचं नाव कमी आणि ‘वीस गेज’ जास्त यायचं. पत्रा जाड असला की गेजचा आकडा कमी असतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि गांधीबागेच्या बाजारात जाऊन दुसऱ्याच एका व्यापाऱ्याची आलमारी घ्यायचं. त्या आलमारीच्या दाराला आरसा होता. आमच्याकडे तत्त्व होतं. नवरीला तत्त्वात तोंड पाहता येत नाही.

घरी बसून खाणं जड जातं म्हणून वडील कारखान्यात जाऊ लागले. रंगाच्या कॉम्प्रेसरशेजारी स्टूल टाकून बसायचे. तेवढा एकच आवाज त्यांना नीट ऐकू यायचा. एके दिवशी नवरा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, “हत्ती धडकला तरी या दाराले पोचा पडणार नाही.”

“हत्ती कुठून आणू मी आता?” असं म्हणून गिऱ्हाईक सायकलवर बसून निघून गेलं.

काय झालं ते वडिलांनी एका कामगाराला विचारलं. त्यानं कानाशी ओरडून सांगितलं. मग वडील नवऱ्याकडे वळले. “जावईबापू, हत्ती नाई, पण हवा तर हाय ना आपल्याजवळ.”

तीन महिन्यांत त्या दोघांमध्ये झालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

कबाड्याकडून मोडीत निघालेल्या ट्रकची हवेची टाकी आली, एक लांब नळ आला, हवा सोडायची, खटक्यानं उघडणारी एक चावी आली. पंधरा दिवस दोघं त्याच्याभोवती उकिडवे बसलेले असायचे. पहिला बार उडाला त्या रविवारी मी डबा घेऊन गेले होते. भिंतीला आलमारीचं एक जुनं दार टेकवलेलं. वडिलांनी नळात आलू घातला, चावी ओढली. फट् आवाज झाला आणि दारावर आलूचं भरीत दिसलं. दाराला काही झालं नव्हतं. आई गेल्यावर वडील त्या दिवशी पहिल्यांदा हसले. त्यामुळे तेव्हा मी काही बोलले नाही, आणि ती माझी चूक झाली, कारण पुढच्या आठवड्यापासून माझं स्वयंपाकघर रिकामं होऊ लागलं.

वांगी गेली, धुण्याच्या साबणाची वडी गेली, खलातला बत्ता गेला. शेवटी लाटणं गेलं. गोणपाट गुंडाळलं की ते नळात अगदी नेमकं बसायचं. आठवडाभर मी बाटलीनं पोळ्या लाटल्या. विचारलं तर नवरा म्हणाला, “कारखान्याच्या कामासाठी नेलंय,” जणू कारखान्यात पोळ्या व्हायच्या.

हळूहळू दर रविवारी सकाळी लोक जमू लागले. लग्न ठरलेल्या घरची माणसं सायकलरिक्षा करून यायची. वडिलांची शिस्त खाणीची होती. समोर दोरी बांधलेली, दोरीच्या पुढे कोणी जायचं नाही, आणि बार उडण्याआधी तीन शिट्ट्या. त्या जुन्या दारावर नुसते रंगाचे टवके उडाले, पोचा एकही पडला नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि आरसा पाहायला गांधीबागेत जायचे.

एका नवरीची आई मात्र तीन रविवार आली. ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी, नजर पक्की. एकदा तर तिनं घरून सोऱ्याचा पितळी दांडाही आणला होता. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “तुमची आलमारी मजबूत हाय, मान्य. पण आरशेवाल्याच्या आलमारीले काय होते, ते कुठी दाखवलं तुमी?”

नवऱ्याला हा प्रश्न म्हणजे लॉटरी वाटली. त्यानं एका चुलतभावाला पाठवून गांधीबागेतून आरशाची आलमारी विकत आणवली. जुनं दार टवक्यांनी विद्रूप झालं होतं, म्हणून आपल्याकडूनही आदल्या दिवशीच रंगवलेली नवी कोरी आलमारी काढली. पुढच्या रविवारी दोघी शेजारीशेजारी उभ्या केल्या, तोफेकडे बाजू करून, नवरीसारख्या.

आधी पाहुणीचा मान. वडिलांनी तीन शिट्ट्या मारल्या. माझं लाटणं सुटलं, ठण्‌कन आदळलं आणि उलटं येऊन मातीत पडलं. रंग खरचटला, बस. लोकांत कुजबुज झाली.

“आता आपली,” नवरा म्हणाला.

या वेळी आवाजच वेगळा आला. भद्द. आमच्या आलमारीच्या बाजूला वाटीएवढा खड्डा पडला होता. सगळे गप्प झाले. ही शांतता ज्याला कळली नाही असा तिथे एकच माणूस होता. वडील पुढे गेले, खड्ड्यावरून तळवा फिरवला आणि कॉम्प्रेसरवर बोलायच्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, आपलीच पचकली! पत्रा पातळ हाय!”

“एखाद्या वेळेस चुकते. पुन्हा मारून पाहा,” नवरीची आई म्हणाली. तिचा स्वभाव न्यायाचा होता.

नवऱ्यानं वडिलांना हातानं खूण केली, हवा थोडी कमी करा.

“कमी करू? काहून?” वडील ओरडले. “तिले जेवढी देली तेवढीच हिले द्या लागन ना!”

पहिल्या खड्ड्याशेजारी दुसरा पडला.

लोक पांगले. नवऱ्यानं छिन्नी घेतली, आपल्याच आलमारीच्या बाजूचा एक तुकडा कापला आणि सायकलवर निघून गेला. मी वडिलांना घेऊन घरी आले. जेवायच्या वेळी पाहते तर ते ट्रंक भरत होते.

“लेकीच्या घरी राहू नये म्हणतात ते खरं हाय वं,” ते म्हणाले. “जावयाची इज्जत घालवली मी.”

“बाबा, तुम्ही खोटं बोललात का?”

“नाई.”

“मग ट्रंक ठेवा आणि जेवा.”

नवरा संध्याकाळी आला. पत्रा विकणाऱ्या दुकानदाराकडे गेला होता. दुकानदारानं शांतपणे तुकडा मोजला. बावीस गेज. म्हणाला, गेल्या चार खेपा बावीसच जातोय, त्याआधी वीसच होता, तुम्ही कधी मोजला नाही, मी कधी बोललो नाही. म्हणजे चार खेपा माझा नवरा छातीला हात लावून, शपथेवर, डोळ्यांत डोळे घालून खोटं सांगत होता. इतक्या प्रामाणिकपणे खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तो वडिलांसमोर जमिनीवर बसला आणि मोठ्यानं म्हणाला, “मामाजी, पत्रा बावीस निघाला.”

“मले हातालेच समजलं होतं,” वडील म्हणाले. “नवा पत्रा आला त्या दिवशीच.”

“मग सांगितलं काहून नाही?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुमी वीस म्हणून राहिले होते. तुमच्या घरी राहून मी बावीस कसं म्हणू?”

नवऱ्यानं तो कापलेला तुकडा वडिलांच्या हातात ठेवला. मग म्हणाला, “उद्यापासून म्हणा. पत्रा आधी तुमच्या हाताखालून जाईल, मग कापू.”

त्या चार खेपांच्या आलमाऱ्या ज्या घरी गेल्या होत्या, तिथे जाऊन सांगायचं असं दोघांनी ठरवलं. नवरा बोलायचा, वडील मान हलवायचे. आम्हाला वाटलं, लोक अंगावर येतील. कोणी आलं नाही. कोणाला जाणूनच घ्यायचं नव्हतं. एक जण म्हणाला, त्यात साड्या ठेवल्या आहेत, साड्यांना काय गेज कळतो? एका घरी सासूबाईंनी चहा पाजला आणि दाराशी येऊन हळूच सांगितलं, “बाहेर कुठी बोलू नका. आम्ही सगळ्यायले वीसच सांगतलं हाय.” वडिलांना ते ऐकू आलं नाही, त्यांनी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात ती नवरीची आई परत आली. आमच्याकडे नव्या, खऱ्या वीस गेजच्या दोन आलमाऱ्या तयार होत्या. वडिलांनी पत्रा हातानं तपासलेला, नवऱ्यानं वर मोजून पाहिलेला. तिनं दोन्ही पाहिल्या, दार उघडून लावून पाहिलं, बोटानं ठोकलं. मग कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या गांधीबागेच्या आलमारीवरचं कापड तिनं बाजूला केलं, आरशात कुंकू नीट केलं आणि म्हणाली, “हेच द्या. लाटण्याचा मार खाऊन टिकली हाय, आमच्या पोरीच्या सासरी टिकन.”

त्या लग्नसराईत आमच्या कारखान्यातून तोफेच्या जोरावर विकली गेलेली ती एकमेव आलमारी. कामगारांनी ती हातगाडीवर चढवली. खरचटलेल्या जागी नवऱ्यानं स्वतः रंगाचा हात मारून दिला. रंग मात्र जुळला नाही.