करैताचं दुखत नाही

सापांबद्दल मले कोणी शिकवायचं नाही, असा माझा माज होता. अभनपूरजवळच्या आमच्या शेतात लहानपणापासून धामण, नाग, घोणस सगळं पाहिलेलं. विषारी साप चावला की माणूस बोंबलतो, अंग सुजतं, हे मी रायपूरच्या ऑफिसात चहा पिता पिता छाती ठोकून सांगायचो.

त्या वर्षी धानाची लावणी पाच दिवसांत उरकायची होती. मजूर बाया लांबच्या गावच्या, म्हणून त्यायले शेतातल्या खोलीतच ठेवलं. खाटा दोन होत्या. ओल लागू नये म्हणून त्यांवर मी खताची पोती रचली. बाया खाली झोपल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली एक, सगळ्यात झपाट्यानं रोप लावणारी, पोट धरून बसली. "भैया, पेट पिरावत हे," म्हणे. पहाटे दंडाला काहीतरी टोचल्यासारखंही झालं होतं. मी दंड पाहिला. ना सूज, ना डाग. "मुंगी चावली असन. ओवा खा अन् चाल चिखलात," म्हटलं. गेली बिचारी.

दहा वाजता तिच्या पापण्या मिटून राहिल्या होत्या. जीभही जड. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "काहून वं, महुआ ढोसून आली का?" दोघीतिघी हसल्या. माझ्या भीतीनं हसल्या, हे मले तेव्हाही कळलं होतं. ती उभीच होती, हातात रोपाची जुडी.

अर्ध्या तासानं ती चिखलात तोंडावर पडली. बायांनी खोलीत तिची गोधडी झटकली, तर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा करैत, म्हणजे मण्यार साप, निघाला. मग मी गाडी काढली.

रायपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "त्रास कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच समजलं." करैताचं दुखत नाही, सुजत नाही, आधी पोटच धरतं, हे त्यानंच सांगितलं. ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

तिचा नवरा सिलतऱ्याहून कारखान्याच्या कपड्यांतच दवाखान्यात आला. सोबत आलेल्या बायांनी त्याले सकाळचं काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षीही लावणीचं काम त्यायले माझ्याकडेच मागायचं होतं. खरं सांगतो, मले हायसं वाटलं. तो सरळ माझ्या पायावर पडला. "भैया, आप अपनी गाड़ी में लाए, नहीं तो कौन लाता." सगळे पाहून राहिले होते. मी पाय मागे घेतले नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला.