नाक्यावरचा फ्लेक्स

परदेशात शिकून परतलेल्या आम्हा तिघांना मध्यंतरी उल्हासनगरच्या आमच्या जुन्या कॉलेजने बोलायला बोलावलं होतं. पहिला बर्फाबद्दल बोलला, दुसरी तिथल्या लायब्ररीबद्दल. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारलं, "सर, घरची आठवण आली की काय करायचं?"

"व्हिडिओ कॉल," मी म्हटलं आणि खाली बसलो. पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही.

माझे बाबा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका छोट्या दुकानात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. जीन्सच्या कारखान्यात मशीन अडली की शेठ लोक त्यांनाच हाक मारायचे. आम्ही राहतो अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. मला व्हिसा मिळाला तेव्हा काकांनी नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली भाड्याच्या कोटात दात काढून हसणारा मी. आमच्याकडे बारसं असो की बारावं, फ्लेक्स लागतोच. नाही लावला तर भावकी वर्षभर टोमणे मारते.

तिकडे शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. कँटीनमध्ये फोन चाळत बसलो होतो. अंबरनाथच्या एका मित्राने नवी बाइक घेतली होती, त्याचं स्टेटस लागलं. हार घातलेली बाइक, पेढ्यांचा बॉक्स आणि मागे नाक्यावरच्या खांबावर फ्लेक्स. त्यावर बाबा. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली शोकाकुल परिवाराच्या रांगेत मीही होतो. तोच कोट, तेच दात. काकांनी जुनाच फोटो चिकटवला होता.

मित्राला फोन लावला.

"भाई, तुला माहीतच नाय? हार्ट अटॅक आला रे, दुकानातच. मला वाटलं पेपर हायेत म्हणून आला नाहीस. सॉरी यार."

दहावाही होऊन गेला होता. माझी परीक्षा बुडू नये म्हणून घरच्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांची तोंडं बंद केली होती आणि नाक्यावर मात्र, रीत म्हणून, बातमी टांगून ठेवली होती. भयंकर संताप आला. माझ्या बापाला अग्नी कोणी दिला हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आईवर ओरडायचंच, असं ठरवून व्हिडिओ कॉल केला. "थांब हं," म्हणाली आणि तिने फोन उपडा ठेवला. बराच वेळ नुसता अंधार. मग ती दिसली. कपाळावर टिकली होती, घाईत लावलेली, जरा वाकडी. पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता.

"बाबा कुठायत?"

"कॅम्पात गेलेत. कोणा शेठची मशीन बंद पडलीय. तू जेवलास का?"

घरात आत्या, काकू बसलेल्या असणार. त्यांच्यादेखत ही उठली होती, आरशासमोर गेली होती आणि माझ्यासाठी टिकली लावून आली होती. ओरडायचं राहूनच गेलं.

"जेवलो," मी म्हटलं. "बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या."

"सांगते."

त्यानंतर आम्ही दोघंही ते सोंग निभावत राहिलो. बाबांनी वांग्याची भाजी बाजूला सारली, बाबांचा चष्मा पुन्हा हरवला, बाबा रिक्षावाल्याशी भांडून आले. आई रोज काहीतरी सांगायची. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघू लागलो होतो. अभ्यासात लक्ष नव्हतं, तरी पेपर संपूच नयेत असं वाटायचं. पेपर संपले की बाबा मरणार होते.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर आईचाच कॉल. टिकली होती. मागे काका उभे होते, उगाच घसा खाकरत.

"कसा गेला?"

"बरा गेला."

"मग आता एक सांगायचंय तुला..." काका जवळ सरकले.

त्यांनी काही बोलायच्या आत मीच विचारलं, "आई, बाबा आले का गं कॅम्पातून?"

माझ्या आवाजावरूनच तिला कळलं असणार. हात कपाळाकडे गेला, तिने टिकली काढली आणि बोटावर तशीच धरून ठेवली.

"नाही रे," ती म्हणाली. "आता नाही येणार."