वालावालाच्या टेकडीवर, नाकाला सुट्टी देऊन

वॉशिंग्टन राज्यातल्या द्राक्षमळ्यांच्या गावाचं, वालावालाचं, मी बुकिंग केलं तेव्हा समीर म्हणाला, "मला वास येत नाही, आणि तू मला वाईन प्यायला नेतेस?"

प्रश्न रास्त होता. दीड वर्षापूर्वीच्या तापात माझ्या नवऱ्याची वासाची जाणीव गेली ती गेलीच. तेव्हापासून तो औषध घ्यावं तसा जेवायचा. मन लावून केलेली भरली वांगी काय आणि फ्रोजन पराठा काय, त्याला सारखंच. काही विचारलं तर "छान आहे" म्हणून मोकळा. त्या "छान आहे"ची मला धास्ती बसली होती. वाईनमधलं मला ओ की ठो कळत नाही. मला फक्त त्याला चवीनं खाताना बघायचं होतं.

शनिवारी सकाळी सातला सिॲटलजवळच्या आमच्या बेलव्ह्यूहून निघालो. घाट ओलांडला की सूचिपर्णी झाडं मागे पडतात आणि पिवळ्या, उघड्या टेकड्या लागतात. वाटेत यॅकिमाला गाडीत गॅस भरून घ्या. थांबत गेलात तर पाच तास धरा. सप्टेंबरातलं ते मऊ ऊन काचेतून मांडीवर येत होतं.

वायनरीत आधी रिझर्व्हेशन लागतं. टेस्टिंग माणशी पंचवीस डॉलर, बाटली घेतली तर माफ. दक्षिण फ्रान्समधल्या लांगडॉक भागातली द्राक्षं इथे लावली आहेत, आणि सोबत खायलाही तिकडच्याच पद्धतीचं देतात. सत्तरीच्या मालकीणबाई स्वतः ओतत होत्या. पहिली पांढरी वाईन, पिकपूल. मी सोबतच्या कार्डावरचं वर्णन वाचलं: लिंबाची साल, समुद्राचा वास. समीरनं ग्लास खाली ठेवला आणि आपल्याला वास येत नाही हे त्यांना सरळ सांगून टाकलं.

बाईंनी कार्ड उचलून खिशात घातलं. "मग नाकाला सुट्टी. तोंडात कुठे लागते तेवढं सांग."

त्यानं एक घोट घेतला. "जिभेच्या कडांना. पाणी सुटतंय."

त्यावर त्यांनी बकरीच्या दुधाचं चीज दिलं. मग काळपट लाल वाईन आली, सिरा. "ही हिरड्या धरते," समीर म्हणाला. "कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं." बाई हसल्या आणि सॉसेज घालून तासन्‌तास शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याचा वाडगा पुढे केला. "आता हे खा, आणि पुन्हा घोट घे."

त्यानं घास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "सुटलं, यार. सगळं मऊ झालं. मुग्धा, ट्राय कर ना." त्यानं स्वतःचा चमचा माझ्यापुढे धरला. मला ड्राइव्ह करायचं होतं, म्हणून एकच घोट घेतला. घेवडा मात्र पोटभर खाल्ला. रडू आलं तेव्हा टेकडीकडे तोंड केलं.

संध्याकाळी मळ्याच्या कडेनं चालत होतो. ऊन पानांतून खाली उतरत होतं, कुठेतरी ट्रॅक्टर घरघरत होता. "कसला वास येतोय?" त्यानं विचारलं. मी सांगत गेले: फुटलेली द्राक्षं, तापलेली माती, ओलं लाकूड. तो माझा हात धरून ऐकत राहिला. ती अर्ध्या मैलाची वाट आम्ही तासभर चाललो.

परत येऊन आता दोन आठवडे झाले. वास आलेला नाही. कधी येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. आणलेल्या दोन बाटल्या कपाटात तशाच आहेत.

काल मी पिठलं केलं. समीरनं एक घास खाल्ला, तोंडात घोळवला आणि म्हणाला, "पातळ झालंय."

दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मी कढई पुन्हा गॅसवर ठेवली आणि पिठलं आटेपर्यंत ढवळत उभी राहिले.